संगणकातलं घरकाम कोण करतं?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या संगणक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझ्यासमोर 'गिटची पडद्यामागची देखभाल' असा विषय छापला आहे. सकाळी चहाच्या वेळी एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गीत बसवायचंय का आपल्याला?" मी म्हटलं, गीत नाही हो, गिट. लिहिलेल्या मजकुराचं दप्तर सांभाळणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्यांचा चेहरा पडला. तुमच्यातल्या आणखी काहीजणींचाही पडला असेल. पण मला पाऊण तास दिलाय तेवढा ऐकून घ्या. हे प्रकरण आमच्या ऑफिसात एका बाईच्या सुरक्षिततेपर्यंत येऊन ठेपलं होतं, म्हणून मी बोलायला उभी राहिले आहे.

मी इंजिनिअर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून सल्ला केंद्रातच काम करते आहे. कॉलेजात आम्हाला केस रेकॉर्डिंग शिकवलं. बाई बोलत असताना काय लिहायचं, काय नुसतं ऐकायचं, कागद कुठल्या कपाटात ठेवायचा, किल्ली कुणाकडे. ते शिक्षण चांगलंच होतं. पण कपाट कॉम्प्युटरमध्ये गेल्यावर किल्ली कुणाकडे असते, आणि रात्री कपाट कोण आवरतं, हे त्यात नव्हतं. ते मी चुका करून शिकले. त्या चुका आमच्याच आहेत, दुसऱ्या कुणाच्या नाहीत.

आमच्या केंद्राची एक कायद्याची पुस्तिका आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, पोटगी, मुलांचा ताबा, पोलिसांत तक्रार द्यायला गेल्यावर काय म्हणायचं, असं सगळं साध्या भाषेत. ती आम्ही तिघी-चौघी मिळून लिहितो आणि सारखी बदलतो, कारण कायदा बदलतो. १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली तेव्हा पानोपानी कलमांचे आकडे बदलावे लागले. आता चौघींनी एकच मजकूर बदलायचा म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. फोल्डरात 'पुस्तिका अंतिम', 'पुस्तिका अंतिम नवीन', 'पुस्तिका खरंच अंतिम' अशा फायली. एकदा छापखान्यात जुनीच गेली. तेव्हा दर शनिवारी आमच्याकडे मदतीला येणारी एक इंजिनिअर मुलगी होती, तिनं सगळं गिटमध्ये घातलं.

गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. त्याच वर्षीच्या जुलैपासून ते ज्युनिओ हमानो सांभाळत आले आहेत. लिहिणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, एवढी वर्षं सांभाळणाऱ्याचं फार थोड्यांना. असो.

गिट काय करतं? तुम्ही मजकूर बदलून नोंद केली, म्हणजे कमिट केलं, की त्या क्षणीचं रूप ते कायमचं ठेवून देतं. कुणी, कधी, काय बदललं तेही. एकीनं बदललेलं दुसरीकडे जातं, दोघींनी एकच ओळ बदलली तर गिट सांगतं की तुम्ही आपसात ठरवा. मूळ दप्तर भाड्याच्या एका सर्व्हरवर, आणि आमच्या प्रत्येकीच्या यंत्रावर त्याची पूर्ण नक्कल. पूर्ण म्हणजे पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या इतिहासासकट. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ठेवून देतं म्हणजे कुठं? प्रत्येक फायलीचं प्रत्येक रूप हा आधी एक सुटा कागद असतो. त्याला मजकुरावरूनच काढलेला चाळीस अक्षरांचा एक शिक्का असतो, आणि शिक्क्याच्या पहिल्या दोन अक्षरांप्रमाणे असे कागद दोनशे छप्पन्न कप्प्यांत पडत जातात. महिना-दोन महिन्यांत हजारो कागद होतात. तुमच्यापैकी कुणी पुण्याला पेशवे दप्तरात गेलं असेल तर तिथले रुमाल पाहिले असतील. मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले, हजारो रुमाल. सुट्या कागदांचे रुमाल बांधायचे, कुठल्या रुमालात काय आहे त्याची यादी करायची, हेच काम गिटलाही करावं लागतं. रुमाल बांधताना ते आणखी एक करतं. एका फायलीची पन्नास रूपं असली तर पन्नास पूर्ण प्रती न ठेवता एक पूर्ण ठेवतं आणि बाकीच्यांचा फक्त फरक लिहून ठेवतं. त्यामुळे जागा खूप वाचते.

हे बांधाबांधीचं काम करणारी आज्ञा 'गिट जीसी'. जीसी म्हणजे कचरा गोळा करणं. आणि गिटच्या स्वतःच्या माहितीपत्रकात या कामाला शब्द वापरलाय 'हाउसकीपिंग'. म्हणजे घरकामच की! मी ते वाचलं तेव्हा ऑफिसात एकटीच हसले. २०१९ साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो आणि पुरुषांचा ९७, असं निघालं. संगणकातलं घरकाम मोजायला गेलं तर काय निघेल कोण जाणे. पण एक साम्य मला नक्की दिसलं. होत असतं तोवर ते कुणाला दिसत नाही.

बरीच वर्षं गिट हे काम अधूनमधून आपणहून उरकायचं. तुम्ही काही आज्ञा दिली की जाता जाता बघायचं, सुटे कागद फार झालेत का. मर्यादा ६७०० कागदांची. आणि मोजतं कसं? सगळे कप्पे मोजत बसत नाही. दोनशे छप्पन्नपैकी '१७' नावाचा एकच कप्पा उघडतं, त्यातले कागद मोजतं आणि बाकीच्यांचा अंदाज बांधतं. शितावरून भाताची परीक्षा! माझी आई तेच करते. भात शिजला नसेल तर झाकण ठेवून पुढच्या कामाला, शिजला असेल तर रुमाल बांधायला घेतं.

यात अडचण अशी की तुम्ही घाईत असाल तेव्हाच नेमकं ते आवरायला काढतं. दप्तर मोठं असेल तर फार वेळ खातं. मायक्रोसॉफ्टनं विंडोजचं सगळं काम २०१७ मध्ये गिटवर आणलं तेव्हा ते दप्तर सुमारे तीनशे जीबीचं, पस्तीस लाख फायलींचं होतं. अशा ठिकाणी जाता जाता आवरणं चालणार नाही. तिथल्याच अनुभवातून डेरिक स्टोली आणि इतरांनी 'गिट मेंटेनन्स' आणलं. ऑक्टोबर २०२० च्या २.२९ आवृत्तीत ते आलं. डिसेंबर २०२० मध्ये ते वेळापत्रकानं चालायला लागलं आणि मार्च २०२१ पासून मॅक आणि विंडोजवरही.

कल्पना सोपी आहे. 'गिट मेंटेनन्स स्टार्ट' असं एकदा म्हणायचं. मग गिट स्वतः घड्याळ बघत बसत नाही, ते कॉम्प्युटरच्या मूळ व्यवस्थेला सांगतं की मला तासाला, दिवसाला, आठवड्याला हाक मार. तासाला दोन कामं: इतिहासाची एक झटपट वाचायची सूची ताजी करायची, आणि सर्व्हरवर जे नवं आलं असेल ते गुपचूप आणून ठेवायचं. या दुसऱ्याला 'प्रीफेच' म्हणतात. तुम्ही सकाळी 'आण' म्हणता तेव्हा सामान आधीच घरात आलेलं असतं. फक्त ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेलं असतं, तुमच्या समोरच्या मजकुराला हात लागत नाही. दिवसाला सुटे कागद बांधायचे आणि छोटे रुमाल एकत्र करायचे. आठवड्याला शाखांच्या नावांची यादी नीट करायची. बहुतेक सगळ्यांकडे हाच आराखडा चालतो. अलीकडच्या आवृत्तीत आणखी एक आलाय, तो आज बाजूला ठेवते.

आता दोन बारकावे सांगते, आमचं सगळं रामायण त्यातूनच झालं. पहिला: हे वेळापत्रक लावलं की जुनं, जाता जाता आवरणं बंद होतं. गिट त्या दप्तरातच चिठ्ठी लिहून ठेवतं की आता ही जबाबदारी तुझी नाही. दुसरा: या वेळापत्रकात 'जीसी' नाही. म्हणजे आवरणं आहे, पण टाकून देणं नाही.

आमच्या त्या मुलीनं एका शनिवारी तीन यंत्रांवर हे लावून दिलं. ऑफिसातलं जुनं यंत्र लिनक्सवर चालतं, फुकट आहे म्हणून. माझा लॅपटॉप विंडोजचा. आणि पुस्तिकेची मांडणी करणारी आमची मैत्रीण मॅकवर काम करते. आज्ञा तिन्हीकडे तीच. मला वाटलं, मग होणारही सारखंच. तसं नसतं. घरोघरी कामाला येणारी बाई एकच असली तरी प्रत्येक घराची रीत वेगळी असते. कुणी किल्ली देतं, कुणी आपण घरी असल्याशिवाय आत घेत नाही.

विंडोजवर हाक मारायचं काम 'टास्क शेड्यूलर' करतो. त्यात 'गिट मेंटेनन्स' नावाची तीन कामं दिसतात, तासाचं, दिवसाचं, आठवड्याचं. तुम्ही लॉगिन असाल तेव्हाच ती चालतात. लॉगिन नसतानाही चालावीत अशी सोय आहे, पण त्यासाठी पासवर्ड द्यावा लागतो, म्हणून गिट आपणहून ती निवडत नाही. मला हे बरोबर वाटतं. घरात कुणी नसताना शिरायचं तर विचारून शिरावं. मला मात्र त्या दिवसांत काहीच माहीत नव्हतं. दर तासाला लॅपटॉपवर एक काळी खिडकी क्षणभर चमकायची आणि जायची. मी घाबरले. आपल्या कामात असं घाबरणं अगदी अस्थानी नसतं. नवऱ्यानं बायकोच्या फोनमध्ये हेरगिरीचं काहीतरी टाकल्याच्या तक्रारी आपल्याकडे येतात. मला वाटलं, कुणीतरी माझ्याही लॅपटॉपमध्ये शिरलंय. दोन दिवस मी केसचं काहीच उघडलं नाही. मग तिनं फोनवर सांगितलं की ते गिट आहे, घाबरू नका. नंतरच्या आवृत्त्यांत ही खिडकी दिसू नये अशी सोय झाली. दिसत नाही म्हणून आता कुणी घाबरत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच चाललंय की नाही तेही कळत नाही.

मॅकवर 'लाँचडी' नावाची व्यवस्था आहे. लिनक्ससारखी क्रॉनची सोय मॅकवरही आहे, पण तिथून चालवलेल्या कामाला तुमच्या साठवलेल्या पासवर्डांपर्यंत पोचता येत नाही, मग सर्व्हरवरून आणायचं काम अडतं. म्हणून गिट लाँचडीकडे जातं. झाकण मिटून ठेवलेल्या मॅकवर वेळ चुकली तर उघडल्यावर ते काम करून टाकतं. आमच्या मॅकवाल्या मैत्रिणीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत काहीच त्रास झाला नाही, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही.

खरा घोळ लिनक्सवर झाला. तिथं दोन रीती आहेत. जुनी 'क्रॉन'. ती घड्याळाची पक्की, पण यंत्र बंद असताना वेळ गेली की गेली. नवी 'सिस्टिमडी'ची, तिला गिटनं नोव्हेंबर २०२१ मध्ये आपलंसं केलं आणि आता ती असेल तर गिट तीच आधी निवडतं. तिच्यात चुकलेलं काम नंतर भरून निघतं. पण ती काम करते ज्या व्यक्तीनं लावलं तिच्या नावानं. ती व्यक्ती लॉगिन असेल तोवर. ती गेली की तिचं घड्याळही थांबतं. मुद्दाम वेगळी परवानगी दिली तरच ते चालू राहतं.

त्या मुलीनं ऑफिसच्या यंत्रावर हे आपल्या स्वतःच्या खात्यातून लावलं होतं. फोल्डर आम्हा सगळ्यांना वापरता येईल अशी परवानगी दिली होती, सगळं नीट होतं. पुढे तिला हैदराबादला नोकरी लागली. आम्ही निरोप समारंभ केला, साडी दिली, फोटो काढला. त्यानंतर त्या खात्यात कुणी लॉगिन केलंच नाही. म्हणजे वेळापत्रक बंद. आणि दप्तरातली चिठ्ठी मात्र तिथंच: 'आता ही जबाबदारी तुझी नाही.' त्यामुळे आम्ही आमच्या खात्यातून काम करायचो तेव्हा गिट जाता जातासुद्धा आवरत नव्हतं. दोघींनी एकमेकींवर विसंबून दूध उतू घालवावं तसं. कुठे चूक दाखवणारी पाटी नाही, घंटी नाही. सगळं चालूच होतं, नुसतं जरा मंद.

आम्हाला कळलं ते भलत्याच वाटेनं. दर शनिवारी संध्याकाळी ऑफिसचं सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क आमच्या अध्यक्षबाईंच्या घरी जाते. ते काम अर्ध्या तासाचं होतं, ते दोन तासांचं झालं. कारण हजारो बारीक फायली एकेक करून उतरवणं हे एका मोठ्या फायलीपेक्षा कितीतरी पट वेळखाऊ असतं. जिच्याकडे हे काम होतं तिला सातची शेवटची बस असते. ती डिस्क अर्धवट सोडून जायला लागली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण तिला वाटलं आपल्यालाच जमत नाहीये. हे ऐकल्यावर मला फार वाईट वाटलं. यंत्र बिघडलं तरी बाई आधी स्वतःला दोष देते.

शेवटी तिनं सांगितलं, आम्ही फोन हैदराबादला लावला. तिनं सांगितलेली आज्ञा दिली, 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स', आणि सुटे कागद ६७०० च्या मर्यादेच्या कितीच्या कितीतरी पुढे गेलेले निघाले. त्याच रात्री हातानं बांधून घेतले. ती चिठ्ठी बदलली, वेळापत्रक ऑफिसच्या सामाईक खात्यातून नव्यानं लावलं. पुढच्या शनिवारी डिस्क पुन्हा अर्ध्या तासात भरली.

गोष्ट इथं संपली असती तर मी पाऊण तास मागितला नसता.

हे आवरताना मी पहिल्यांदाच इतिहास चाळला. मागच्या नोंदी एकेक उघडून बघत होते, गंमत म्हणून. आणि एका नोंदीत मला एका बाईचं नाव दिसलं. पूर्ण नाव, आणि ती आता राहते त्या गावाचं नाव. पुस्तिकेत 'एक उदाहरण' म्हणून आम्ही तिची हकीकत घेतली होती. पहिला खर्डा मीच केला होता, केसच्या टिपणावरून, घाईत, नाव बदलायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर मी नाव पुसलं, गाव पुसलं, पुन्हा नोंद केली आणि सुटकेचा श्वास टाकला. छापील पुस्तिकेत नाव नाही. फायलीत नाव नाही. पण आदल्या दिवशीच्या रूपात ते जसंच्या तसं होतं. गिट पुसत नाही. पुसल्याची नोंद करतं.

ती बाई नवऱ्याच्या घरातून मुलांना घेऊन निघालेली. तो तिला अजून शोधतोय. आणि पुढच्याच आठवड्यात हे दप्तर आम्ही चार जिल्ह्यांतल्या संस्थांना द्यायचं ठरवलं होतं, त्यांनीही भर घालावी म्हणून. दप्तर द्यायचं म्हणजे सगळा इतिहास द्यायचा.

मला आधी वाटलं, रात्रीचं हे घरकाम करणारं यंत्रच कधीतरी जुनं टाकून देईल. हा गैरसमज अनेकींचा असेल, म्हणून सावकाश सांगते. 'कचरा गोळा करणं' असं नाव असलं तरी गिट ज्याला कचरा म्हणतं तो वेगळा. जो कागद कुठल्याही नोंदीच्या साखळीत नाही तो कचरा. पुसण्याआधीचं माझं पान साखळीत होतं, त्यामुळे गिटच्या लेखी ते अमूल्य. ते शंभर वर्षांतही टाकलं गेलं नसतं. साखळीतून सुटलेला कागदसुद्धा 'जीसी' लगेच टाकत नाही, कमीत कमी दोन आठवडे ठेवतं. शिवाय प्रत्येक यंत्रावर आपण कुठून कुठं गेलो याची एक रोजनिशी असते. तिच्यात जे आहे ते साखळीतलंच धरलं जातं, आणि ती साधारण नव्वद दिवस, सुटलेल्या नोंदींपुरती तीस दिवस राहते. आणि आपल्या वेळापत्रकात तर 'जीसी' नाहीच. तिथे कागद सुटला तरी पडूनच राहतो.

त्यात प्रीफेच. आमची एक कार्यकर्ती त्या काळात आजारी होती, तिनं महिनाभर पुस्तिकेला हात लावला नव्हता. मला वाटलं, निदान तिच्या लॅपटॉपवर तरी नसेल. पण लॅपटॉप मुलाच्या अभ्यासासाठी घरी रोज चालू असायचा, तिच्याच लॉगिननं, आणि वेळापत्रक दर तासाला सर्व्हरवरचं आणून ठेवत होतं. तिनं काही मागितलं नव्हतं, तरी त्या बाईचं नाव तिच्या घरी पोचलेलं होतं. कोपऱ्यात, न दिसणारं.

मग काय केलं? हैदराबादहून ती मुलगी दोन दिवस रजा काढून आली. इतिहास नव्यानं लिहिणारं 'फिल्टर-रेपो' नावाचं अवजार आहे, त्यानं ते नाव आणि गाव पहिल्या नोंदीपासून काढलं. सर्व्हरवरचं दप्तर काढून टाकून नवं ठेवलं. सगळ्यांना लॅपटॉप घेऊन ऑफिसात बोलावलं, आणि प्रत्येक यंत्रावर जुना फोल्डर पूर्ण काढून नवी नक्कल घेतली. 'रोजनिशी आत्ता संपव, कचरा आत्ता टाक' अशाही आज्ञा आहेत, पण पाच यंत्रांवर त्या अचूक देण्यापेक्षा हे सोपं. कुणी एकीनं जुनं ठेवून तिथूनच पुन्हा सर्व्हरवर पाठवलं असतं तर सगळं मुसळ केरात. दोन हार्ड डिस्क होत्या, त्यावरचं जुनंही पुसलं. सर्व्हरवाल्या कंपनीकडे तिच्या स्वतःच्या नकला किती दिवस राहतात ते लेखी विचारलं आणि ती मुदत उलटेपर्यंत दप्तर कुणालाही दिलं नाही.

आणि त्या बाईंना जाऊन सांगितलं. आमच्यात यावर वाद झाला. काहींचं म्हणणं, आता पुसलंय, कशाला तिच्या डोक्याला ताप. मला ते पटलं नाही. ज्या माहितीमुळे तिला धोका आहे ती कुठं होती हे तिला कळायला हवं. मी गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. चुलीवरचं उतरवलं आणि म्हणाली, "ताई, माझं नाव कुठं कुठं होतं ते सांगा." मी सांगायला लागले. पाच मशीन, एक सर्व्हर, दोन डिस्क. ती बोटं मोजत होती. मग म्हणाली, "आणि आता कोण बघतंय त्याच्याकडं?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे यंत्रांची नावं होती, टास्क शेड्यूलर, लाँचडी, सिस्टिमडी. माणसाचं नाव नव्हतं.

आता आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकीनं तिन्ही यंत्रं बघायची, पाळीनं. पाण्याची टाकी, चहाची भांडी, झाडू यांची यादी जिथं लावलीय तिथंच ही पाळी लिहिलेली असते. पहिल्याच खेपेला एक गोष्ट सापडली. ऑफिसात वीज गेली होती तेव्हा नेमकं गिटचं काम चालू होतं. काम सुरू करताना गिट एक कुलूप लावतं, दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून. वीज गेल्यामुळे कुलूप तसंच राहिलं. पुढे दर वेळी गिट यायचं, कुलूप बघायचं, आत कुणीतरी काम करतंय असं समजून निघून जायचं. तक्रार नाही. दुसरं काही चालू नाही याची खात्री करून ती 'मेंटेनन्स डॉट लॉक' नावाची फाइल काढली, तेव्हा चालू झालं. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे हे तुमच्याकडेही होणार.

दुसरा नियम असा केला की केसचं टिपण गिटमध्ये घालायचंच नाही. उदाहरण लिहायचं तर कागदावर आधी नाव-गाव बदलायचं, मग टाइप करायचं. बलात्काराच्या केसमध्ये बाईची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक नसता तरी हे करायलाच हवं होतं. त्या मुलीनं नाव सापडलं तर नोंदच अडवणारी एक युक्तीही लावून दिलीय. तिच्यावर मी फार विसंबत नाही, आमच्याकडच्या आडनावांचे स्पेलिंग कुठल्या युक्तीला पुरणार?

आता बोलणं पुरे, यंत्रं उघडूया. विंडोजवाल्यांनी डावीकडे बसा. टास्क शेड्यूलर उघडून गिटची तीन कामं शोधा, शेवटचं कधी चाललं ती तारीख कागदावर लिहा. मॅकवाल्यांनी लायब्ररीतल्या 'लाँच एजंट्स' फोल्डरात गिटच्या नावाच्या तीन फायली आहेत का बघा. लिनक्सवाल्या दोघीच दिसताहेत, त्यांनी माझ्याजवळ या, आपण टायमरची यादी काढू, आणि तो कुणाच्या खात्यातून चालतोय ते आधी बघू. ज्यांना तारीख सापडणार नाही त्यांनी हात वर करा. लाजू नका, माझ्या लॅपटॉपवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही सापडली नव्हती.